युलारा : डोंगर दुरून पाहण्याचे गाव

ऑस्ट्रेलियाच्या पर्यटनाची कोणतीही जाहिरात उघडली, तरी दोन चित्रे तीत हमखास आढळतात. एक सिडनीच्या ऑपेरा हाऊसचे आणि दुसरे सपाट वाळवंटाच्या मधोमध मावळत्या उन्हात निखाऱ्यासारख्या लालबुंद दिसणाऱ्या एका महाकाय खडकाचे. हा खडक म्हणजे उलुरू. जुन्या भूगोलाच्या पुस्तकांत त्याचा उल्लेख ‘एअर्स रॉक’ असा सापडतो. ऑपेरा हाऊस पाहण्यासाठी सिडनीत उतरले की काम भागते; उलुरू पाहण्यासाठी मात्र युलारा नावाच्या छोट्या गावी मुक्काम करावा लागतो. जेमतेम हजारभर कायम वस्तीचे हे गाव खास पर्यटकांसाठी वसवण्यात आले आणि तेथील जवळपास प्रत्येक जण या ना त्या प्रकारे पर्यटकांच्या सेवेतच गुंतलेला असतो.

युलाराची गंमत अशी, की ज्या खडकासाठी ते वसले त्याच्यापासून ते सुमारे १८ किलोमीटर दूर आहे. उलुरूच्या पश्चिमेला असलेला ‘काटा जुटा’ हा दुसरा पवित्र शिलासमूह तर युलारापासून ५० किलोमीटरहून अधिक अंतरावर आहे. पायथ्याशी हॉटेल बांधले असते, तर खिडकीतून खडक हाताला लागला असता. खरे तर एके काळी पायथ्याशी हॉटेले होतीही. ती तेथून उठवून गाव इतके दूर का नेण्यात आले, या प्रश्नाच्या उत्तरात एका पवित्र स्थळाच्या मालकीचा, मानापमानाचा आणि पर्यटनाच्या अर्थकारणाचा इतिहास दडलेला आहे. तो जाणून न घेता उलुरूला जाऊन आलेला प्रवासी छायाचित्रे भरपूर आणतो. पण त्याने नेमके काय पाहिले, हे त्याला कळलेले नसते.

खडक आणि त्याचे वारसदार

नॉर्दर्न टेरिटरी या प्रांताच्या दक्षिण भागात, अ‍ॅलिस स्प्रिंग्ज या शहरापासून रस्त्याने सुमारे साडेचारशे किलोमीटरवर उलुरू उभा आहे. सभोवतालच्या सपाटीपासून त्याची उंची ३४८ मीटर, म्हणजे पॅरिसच्या आयफेल टॉवरहून अधिक. पायथ्याचा घेर नऊ किलोमीटरहून जास्त. हा वालुकाश्म आहे. सुमारे ५५ कोटी वर्षांपूर्वी आसपासचे पर्वत झिजून वाहत आलेली भरड वाळू येथे थरावर थर साचत गेली. पुढे भूकवचाच्या हालचालींमुळे ते थर कलत कलत जवळजवळ उभे राहिले. आज उलुरूच्या पाठीवर ज्या समांतर रेषा दिसतात, त्या या थरांच्याच कडा होत. मूळ खडकाचा रंग करडा. त्यातील लोहयुक्त खनिजांना हवापाण्याने गंज चढला, म्हणून पृष्ठभाग लाल झाला. काटा जुटा हा मात्र ३६ घुमटाकार शिळांचा समूह असून तो गोटे आणि गाळ एकत्र सांधून बनलेल्या पिंडाश्माचा आहे. त्यातील सर्वोच्च शिखर सपाटीपासून ५४६ मीटर, म्हणजे उलुरूपेक्षाही बरेच उंच आहे. ‘काटा जुटा’ या शब्दांचा अर्थच मुळी ‘पुष्कळ डोकी’ असा होतो.

या भूमीचे पारंपरिक वारसदार स्वतःला ‘आनांगु’ म्हणवतात. पिजांजजारा आणि यांकुनजजारा या भाषा बोलणारे हे मूळ रहिवासी आहेत. मध्य ऑस्ट्रेलियात किमान ३० हजार वर्षांपासून मनुष्यवस्ती असल्याचे पुरावे मिळतात. आनांगुंच्या जीवनाचा पाया म्हणजे ‘जुकुर्पा’. या शब्दाचे भाषांतर इंग्रजी पुस्तकांतून अनेकदा ‘स्वप्नकाळ’ अशा अर्थाने केले गेले. पण ते अपुरे आहे. पूर्वजांनी पृथ्वीवर संचार करीत डोंगर, पाणवठे, वनस्पती व प्राणी कसे घडवले याची कथा, त्या कथेतून निघणारे आचारनियम, नातेसंबंध, शिकारीचे व आगीचे शास्त्र हे सारे मिळून जुकुर्पा होतो. धर्म, कायदा, नकाशा आणि शाळा यांचे हे एकत्र रूप आहे, असे म्हणता येईल.

उलुरूवरील प्रत्येक खळगा, भेग आणि गुहा ही या कथांची साक्ष मानली जाते. पर्यटकांना सांगण्याची मुभा असलेल्या कथांपैकी एक ‘माला’ लोकांची आहे. माला हा सशाच्या आकाराचा एक लहान वॉलबी. माला पूर्वज समारंभासाठी उत्तरेकडून उलुरूला आले आणि त्यांनी विधी सुरू केला. तेवढ्यात पश्चिमेकडून दुसऱ्या एका समारंभाचे आमंत्रण आले. सुरू झालेला विधी मध्येच सोडता येत नाही, म्हणून मालांनी नकार दिला. संतापलेल्या यजमानांनी कुर्पानी नावाचा श्वानरूपी दैत्य त्यांच्यावर सोडला. काही माला मारले गेले, उरलेले दक्षिणेकडे पळाले. आरंभलेले कार्य तडीस नेलेच पाहिजे आणि धोक्याची सूचना वेळीच ऐकली पाहिजे, असे दुहेरी शिक्षण ही कथा देते. पर्यटक ज्या बाजूने उलुरूवर चढत असत, तो मार्ग या माला पुरुषांच्याच वाटेवरचा. चढाईचा वाद समजून घेण्यासाठी ही एक गोष्ट ध्यानात ठेवणे पुरेसे आहे.

अनेक कथा मात्र बाहेरच्यांना सांगितल्याच जात नाहीत. काही स्थळे केवळ पुरुषांची, काही केवळ स्त्रियांची. काटा जुटाशी निगडित ज्ञान पुरुषांच्या विधींचे असल्याने त्याविषयी फारसे काहीच उघड केले जात नाही. सर्व काही जाणून घेण्याचा आपल्याला हक्कच आहे, असे मानणाऱ्या आजच्या प्रवाशाला हे मौन चमत्कारिक वाटते. आनांगुंच्या दृष्टीने ज्ञान ही पात्रता मिळवून घेण्याची वस्तू आहे. तिकीट काढले म्हणून ते मिळत नाही.

नावांचा प्रवास

१८७३ च्या जुलै महिन्यात विल्यम गॉस हा सर्वेक्षक या खडकापाशी पोहोचला आणि त्याने दक्षिण ऑस्ट्रेलियाचे तत्कालीन मुख्य सचिव सर हेन्री एअर्स यांचे नाव त्याला दिले. त्याच्या आदल्या वर्षी अर्नेस्ट जाइल्सने काटा जुटाच्या सर्वोच्च शिखराला जर्मनीतील व्यूर्टेम्बर्गच्या राणी ओल्गा यांचे नाव दिले होते. हजारो वर्षे ज्यांना नावे होती, त्या शिळांना अशा रीतीने दोन वर्षांत दोन नवी नावे मिळाली.

गॉस उलुरूवर चढला, तेव्हा त्याच्याबरोबर कामरान नावाचा उंटचालक होता. ऑस्ट्रेलियाचे वाळवंट ओलांडण्यासाठी एकोणिसाव्या शतकात अफगाणिस्तान आणि तेव्हाच्या ब्रिटिश हिंदुस्थानातील बलुचिस्तान, सिंध, पंजाब या भागांतून उंट व उंटचालक नेण्यात आले. गोऱ्या वसाहतवाल्यांनी या सर्वांना सरसकट ‘अफगाण’ ठरवले. अ‍ॅडलेडहून अ‍ॅलिस स्प्रिंग्जमार्गे डार्विनला जाणाऱ्या ‘द घान’ या प्रसिद्ध रेल्वेगाडीचे नाव त्यांच्यावरूनच पडल्याचे सांगतात. मोटारी आल्यावर सोडून दिलेल्या उंटांची प्रजा आजही मध्य ऑस्ट्रेलियात रानोमाळ फिरते. युलाराला उंटावरून सूर्यास्त पाहण्याची सोय असते. आपल्या उपखंडातून गेलेल्या माणसांची आणि जनावरांची ही पुसट खूण तेथे अशी टिकून आहे.

१९९३ मध्ये या खडकाला अधिकृतपणे ‘एअर्स रॉक/उलुरू’ असे जोडनाव देण्यात आले. २००२ मध्ये क्रम उलटा होऊन ‘उलुरू/एअर्स रॉक’ झाला. सरकारी दप्तरातील ही अदलाबदल वरकरणी किरकोळ दिसते. मात्र पहिले नाव कोणाचे, यावरूनच घर कोणाचे हे ठरत असते.

पायथ्याचा बाजार

हा प्रदेश १९२० मध्ये आदिवासींसाठी राखीव म्हणून घोषित झाला होता. परंतु पर्यटकांची पावले वळू लागली, तसा हा हेतू मागे पडला. १९५८ मध्ये उलुरू आणि काटा जुटाचा भाग राखीव क्षेत्रातून वगळून त्याचे राष्ट्रीय उद्यान करण्यात आले. लगोलग पायथ्याशी मोटेले उभी राहिली, खडकाच्या उत्तरेला विमानांसाठी धावपट्टी तयार झाली, तंबूंचे तळ पडले. चढाई सुकर व्हावी म्हणून १९६४ मध्ये खडकात लोखंडी खांब ठोकून साखळी बसवण्यात आली. पाणवठ्यांजवळ मोटारी उभ्या राहू लागल्या. ज्या भागात आनांगु विधी करीत, तेथे सहलीचे थवे हिंडू लागले आणि खुद्द आनांगुंना मात्र तेथून दूर राहण्यास सांगितले जात असे.

वाळवंटाची जमीन दिसते रुक्ष. पण ती अत्यंत नाजूक असते. वर्षाकाठी सरासरी ३०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या या प्रदेशात चाकाने उमटलेली खूण वर्षानुवर्षे बुजत नाही. वाढत्या वाहतुकीने वनस्पतींची व मातीची हानी होऊ लागली, तेव्हा १९७० च्या दशकाच्या आरंभी सर्व निवासव्यवस्था उद्यानाबाहेर हलवण्याचा विचार पुढे आला. त्यानुसार १९७५ मध्ये उद्यानाच्या उत्तर सीमेबाहेर १०४ चौरस किलोमीटर जागा नव्या पर्यटनग्रामासाठी आणि विमानतळासाठी राखून ठेवण्यात आली. हेच युलारा. उद्यानातील तंबूतळ १९८३ मध्ये बंद झाला. युलारा सुरू झाल्यावर १९८४ च्या अखेरीस पायथ्याची मोटेलेही बंद झाली. तेव्हापासून उद्यानाच्या हद्दीत पर्यटकाला रात्री मुक्काम करता येत नाही.

वाळूच्या टेकड्यांत लपलेले गाव

युलाराचा आराखडा फिलिप कॉक्स या ख्यातनाम ऑस्ट्रेलियन वास्तुविशारदाने तयार केला. गाव दिसू नये, हीच त्या आराखड्यामागील मुख्य कल्पना होती. इमारती ठेंगण्या ठेवून त्या वाळूच्या टेकड्यांच्या कुशीत वसवण्यात आल्या आणि भिंतींना मातीशी मिळतेजुळते रंग दिले गेले. उन्हापासून संरक्षणासाठी छपरांवर व अंगणांवर शुभ्र कापडी शिडे ताणण्यात आली. वाळवंटात नांगर टाकलेल्या गलबतांसारखी दिसणारी ही शिडे पुढे युलाराची ओळख बनली. उंची हॉटेलांपासून साध्या तंबूतळापर्यंत सर्व प्रकारची निवासव्यवस्था, बाजार, पोलीस ठाणे, अग्निशमन दल, शाळा आणि आरोग्य केंद्र अशी छोट्या शहराची सारी सामग्री येथे एका वर्तुळाकार रस्त्याभोवती मांडलेली आहे. पिण्याचे पाणी भूगर्भातून उपसून व क्षार काढून पुरवले जाते. इतर बहुतेक वस्तू शेकडो किलोमीटरवरून मालमोटारींनी येतात. तेथील महागाईचे मूळ याच अंतरात आहे.

मालकी आली, पण कशाची?

१९७६ मध्ये नॉर्दर्न टेरिटरीतील आदिवासींच्या जमीनहक्कांचा कायदा संमत झाला. त्याआधारे १९७९ मध्ये उलुरू परिसरावर दावा दाखल झाला. परंतु राष्ट्रीय उद्यानाची जमीन आधीच सरकारी संस्थेच्या नावे झालेली असल्याने ती दाव्याच्या कक्षेबाहेर ठरली. मग लढा न्यायालयाबाहेर, राजकीय मार्गाने चालला. नोव्हेंबर १९८३ मध्ये पंतप्रधान बॉब हॉक यांनी उद्यान आनांगुंना परत करण्याची घोषणा केली. २६ ऑक्टोबर १९८५ रोजी गव्हर्नर जनरल सर निनियन स्टीफन यांनी उलुरूच्या पायथ्याशी झालेल्या समारंभात मालकीचा दस्त आनांगुंच्या हाती दिला. प्रांतिक सरकारचा याला कडवा विरोध होता. समारंभ चालू असताना, हा खडक सर्व ऑस्ट्रेलियनांचा असल्याचे सांगणारा फलक घेऊन एक विमान आकाशात घिरट्या घालत होते.

दस्त हाती पडला आणि त्याच समारंभात आनांगुंनी ती जमीन ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने केंद्र सरकारच्या उद्यान खात्याला परत दिली. मालकी मिळण्याची ती अटच होती. चढाई बंद करण्याचे आश्वासनही मूळ घोषणेत होते. प्रत्यक्ष करारात मात्र चढाई चालू ठेवण्यात आली. बदल्यात उद्यानाच्या व्यवस्थापन मंडळावर आनांगुंचे बहुमत राहील, प्रवेशशुल्कातील एक चतुर्थांश वाटा आणि वार्षिक भाडे त्यांना मिळेल, असे ठरले. १९८७ मध्ये नैसर्गिक आणि १९९४ मध्ये सांस्कृतिक मूल्यांसाठी युनेस्कोने या उद्यानाला जागतिक वारशाचा दर्जा दिला. सरकार आणि मूळ रहिवासी यांच्या संयुक्त व्यवस्थापनाचा नमुना म्हणून जगभरचे अभ्यासक आज त्याकडे पाहतात.

या व्यवस्थेत एक मोठी फट राहिली. परत मिळाले ते उद्यान; युलारा त्यात नव्हते. पर्यटक ज्या गावात राहतो, जेवतो, खरेदी करतो, म्हणजेच त्याचा बहुतांश पैसा जेथे खर्च होतो, ते गाव उद्यानाच्या सीमेबाहेर होते. १९९२ मध्ये प्रांतिक सरकारने युलारातील आपला बहुसंख्य हिस्सा विकला आणि संकुलाचे नाव ‘एअर्स रॉक रिसॉर्ट’ असे ठेवण्यात आले. युलाराच्या जमिनीवरील आपले पारंपरिक हक्क गाव वसवताना नष्ट करण्यात आले, त्याची भरपाई मिळावी, यासाठी मूळ रहिवाशांनी दावा लावला. ‘जांगो विरुद्ध नॉर्दर्न टेरिटरी’ या नावाने ओळखला जाणारा हा खटला १९९३ च्या मूळ हक्क कायद्याखाली भरपाईसाठी सुनावणीपर्यंत पोहोचलेल्या पहिल्या खटल्यांपैकी एक होता. २००६ मध्ये संघीय न्यायालयाने तो फेटाळला. दावेदारांनी मांडलेले परंपरागत नियम आणि इंग्रजांच्या आगमनाच्या वेळचे नियम यांतील सातत्य सिद्ध झाले नाही, हे त्यामागचे प्रमुख कारण. मौखिक परंपरेने चालणाऱ्या समाजाने दीडशे-दोनशे वर्षांपूर्वीचा आपलाच कायदा न्यायालयाला पटेल असा सिद्ध करायचा, हे किती दुर्घट आहे, ते या निकालाने दाखवून दिले.

पुढचे वळण अनपेक्षित होते. मूळ रहिवाशांसाठी जमिनी संपादन करण्याच्या हेतूने केंद्र सरकारने स्थापलेल्या ‘इंडिजिनस लँड कॉर्पोरेशन’ या संस्थेने २०१० मध्ये संपूर्ण संकुल सुमारे ३० कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरना विकत घेण्याचा करार केला आणि २०११ मध्ये तो व्यवहार पूर्ण झाला. त्याच सुमारास युलारात आदिवासी तरुणांसाठी आतिथ्य व्यवसायाचे प्रशिक्षण केंद्र सुरू झाले. त्यापूर्वी येथील हॉटेलांत मूळ रहिवासी कर्मचारी शोधूनही सापडत नसे. पुढील दशकात देशभरातून आलेले शेकडो आदिवासी युवक येथून शिकून बाहेर पडले. तथापि या खरेदीपोटी डोक्यावर आलेल्या कर्जाच्या बोजावरून बराच वादही झाला. न्यायालयात जे मिळाले नाही, ते बाजारभावाने विकत घ्यावे लागले, असाच या व्यवहाराचा अर्थ होतो.

विनंतीची अनेक वर्षे

‘आम्ही या खडकावर चढत नाही, तुम्हीही चढू नये अशी विनंती आहे,’ अशा आशयाचे फलक आनांगुंनी चढाईच्या वाटेपाशी लावले होते. बंदी घालण्याऐवजी त्यांनी अनेक वर्षे विनंतीवर भर दिला. त्यामागे केवळ पावित्र्याची भावना नव्हती. आपल्या भूमीवर आलेल्या पाहुण्याच्या जिवाची जबाबदारी जुकुर्पानुसार यजमानावर असते. विसाव्या शतकाच्या मध्यापासून या चढाईत ३७ जण मृत्युमुखी पडल्याची नोंद आहे. अनेक जण उष्म्याने व हृदयविकाराने, तर काही घसरून. प्रत्येक अपघाताचे सुतक जणू आनांगुंना पाळावे लागे. शिवाय खडकावर प्रसाधनगृहाची सोय नसल्याने माथ्यावरची घाण पावसाबरोबर खालच्या पाणवठ्यांत उतरत असे.

१९९० च्या दशकात येणाऱ्या पर्यटकांपैकी सुमारे ७४ टक्के लोक चढाई करीत. २०१५ पर्यंत हे प्रमाण १६ टक्क्यांवर आले. उद्यानाच्या २०१० च्या व्यवस्थापन आराखड्यात चढाई बंद करण्यासाठी जे निकष ठरले, त्यांत हे प्रमाण २० टक्क्यांखाली यावे, असाही एक होता. १ नोव्हेंबर २०१७ रोजी व्यवस्थापन मंडळाने एकमताने निर्णय घेतला आणि २६ ऑक्टोबर २०१९ पासून, म्हणजे हस्तांतराला ३४ वर्षे पूर्ण झाली त्या दिवसापासून, चढाई कायमची बंद झाली. शेवटच्या महिन्यांत चढणाऱ्यांच्या रांगा लागल्या. युलारातील जागा अपुऱ्या पडल्या, रस्त्याकडेला बेकायदा तंबू पडले. बंदीनंतर ती साखळीही उखडण्यात आली. साखळीच्या आधाराने चढणाऱ्या पावलांनी घासून घासून उमटलेला फिकट पट्टा मात्र आजही दिसतो.

पर्यटन कोसळेल, ही भीती तेव्हा अनेकांनी व्यक्त केली होती. काही महिन्यांतच कोविडची साथ आल्याने त्या भीतीची निखळ परीक्षा झालीच नाही. पण साथ ओसरल्यावर पर्यटक परतले, ते चढाईविना. त्यांच्यासाठी करमणुकीचे नवे प्रकारही उभे राहिले. ब्रूस मन्रो या ब्रिटिश कलावंताने २०१६ मध्ये युलाराजवळ वाळवंटात ५० हजार दिव्यांची ‘फील्ड ऑफ लाइट’ ही कलाकृती मांडली. २०२३ पासून आनांगुंच्या सल्ल्याने माला कथेचा काही भाग हजाराहून अधिक ड्रोनच्या साह्याने रात्रीच्या आकाशात साकारला जाऊ लागला.

जाणाऱ्यांसाठी काही गोष्टी

सिडनी, मेलबर्न यांसारख्या शहरांतून युलाराजवळच्या विमानतळावर साधारण तीन-साडेतीन तासांत पोहोचता येते. अ‍ॅलिस स्प्रिंग्जहून मोटारीने पाच तास लागतात. येथील घड्याळ भारताच्या चार तास पुढे असते. मे ते सप्टेंबर हा काळ सर्वांत सोयीचा. मात्र त्या काळात रात्री तापमान शून्याखालीही उतरते, तेव्हा लोकरीचे कपडे विसरू नयेत. डिसेंबर-जानेवारीत पारा ४० अंशांच्या वर जातो आणि नाका-डोळ्यांशी घोंघावणाऱ्या माश्यांनी जीव नकोसा होतो. तोंडावर घेण्याची जाळी तेथे विकत मिळते. तिला हसू नये.

उद्यानाचा परवाना आगाऊ घ्यावा लागतो आणि रात्री उद्यानाचे दरवाजे बंद असतात. उलुरूची पायी प्रदक्षिणा सुमारे साडेदहा किलोमीटरची असून तिला साडेतीन-चार तास पुरतात. सकाळी लवकर निघावे आणि प्रत्येकाने तासाला एक लिटर या हिशेबाने पाणी बरोबर ठेवावे. एवढे चालणे नको असेल, तर माला वाट आणि मुतिजुलु पाणवठ्याकडे जाणारी कुनिया वाट या छोट्या फेऱ्या आहेत. काटा जुटा येथील ‘व्हॅली ऑफ द विंड्स’ ही सुमारे साडेसात किलोमीटरची वाट अधिक खडतर असून तापमान ३६ अंशांवर जाणार असेल, तर तिचा पुढचा भाग सकाळी ११ वाजता बंद केला जातो. सूर्योदयासाठी २००९ मध्ये ‘तालिंगुरू न्याकुनजाकु’ हे स्थळ खुले झाले. त्याचा अर्थ ‘वाळूच्या टेकडीवरून पाहणे’. तेथून उलुरू आणि काटा जुटा एकाच वेळी नजरेत येतात. त्याआधी १९९५ मध्ये सुरू झालेल्या सांस्कृतिक केंद्रात तासभर घालवावा, म्हणजे पुढे जे दिसते त्याचा अर्थ लागतो. मातीच्या विटांची ही इमारत कुनिया आणि लिरू या कथांतील दोन सापांच्या आकारात बांधलेली आहे.

प्रदक्षिणेच्या वाटेवर काही ठिकाणी छायाचित्रे न काढण्याच्या सूचना आहेत. त्या स्थळांचे तपशील धर्मग्रंथासारखे मानले जातात आणि ते त्याच जागी, योग्य व्यक्तीनेच पाहायचे असतात. खडकाचा तुकडा किंवा मूठभर वाळू आठवण म्हणून आणण्याचा मोहही टाळावा. असे नेलेले दगड, क्षमा मागणाऱ्या पत्रांसह, जगभरातून टपालाने उद्यान कार्यालयाकडे परत येत असतात. कर्मचारी त्यांना ‘सॉरी रॉक्स’ म्हणतात. दगड परत आला, तरी तो नेमका कोठून उचलला होता हे कळत नाही. त्यामुळे त्याला मूळ जागी ठेवता येत नाही.

न दिसणारे शेजारी

युलाराच्या पर्यटकाला एक वस्ती सहसा दिसत नाही. उलुरूच्या पूर्व पायथ्याशी मुतिजुलु हे आनांगुंचे काही शे वस्तीचे गाव आहे. तेथे परवानगीशिवाय प्रवेश नाही. युलाराच्या जलतरण तलावापासून ते अर्ध्या तासाच्या आत आहे. पण दोन्ही गावांच्या राहणीमानातील अंतर किलोमीटरांत मोजता येणारे नाही. अपुरी घरे, मधुमेह व मूत्रपिंडाचे विकार, शाळेतील गळती या प्रश्नांशी हे गाव अनेक वर्षे झगडते आहे. जून २००७ मध्ये बालकांच्या शोषणाच्या अहवालाचा हवाला देऊन केंद्र सरकारने नॉर्दर्न टेरिटरीतील आदिवासी वस्त्यांवर आणीबाणीच्या उपाययोजना लादल्या. लष्कराच्या साह्याने त्यांचा प्रारंभ झाला तो मुतिजुलुतच. गावाशी सल्लामसलत न करता उचललेल्या या पावलाची जखम अद्याप भरलेली नाही.

मे २०१७ मध्ये देशभरातील मूळ रहिवाशांचे सुमारे २५० प्रतिनिधी उलुरू येथे जमले आणि त्यांनी ‘उलुरूचे हृदयस्थ निवेदन’ प्रसिद्ध केले. संसदेला सल्ला देणारे आपले मंडळ राज्यघटनेने मान्य करावे, ही त्यातील प्रमुख मागणी होती. १४ ऑक्टोबर २०२३ रोजी यावर सार्वमत झाले आणि सुमारे ६० टक्के मतदारांनी ती फेटाळली. जाहिरातीत देशाचे प्रतीक म्हणून उलुरू चालतो. त्याच्या पायथ्याशी झालेली मागणी मात्र देशाला चालली नाही.

तरीही यजमानपणाची जाणीव आनांगुंनी सोडलेली नाही. ऑगस्ट २०२० मध्ये साथीच्या काळात बाहेरून विमान येताच मुतिजुलुच्या रहिवाशांनी उद्यानाचा रस्ता अडवला आणि उद्यान बंद करायला लावले. म्हाताऱ्या-कोताऱ्यांचा जीव पर्यटनापेक्षा मोलाचा आहे, एवढेच त्यांचे म्हणणे होते. दुसरीकडे, या भागातून नामशेष झालेला माला प्राणी २००५ मध्ये उद्यानातील कुंपणबंद क्षेत्रात पुन्हा आणून सोडण्यात आला आणि तेथे त्याची संख्या वाढली. या कामात वैज्ञानिकांबरोबर आनांगु जाणकारांचाही सहभाग होता. कथेतून पळालेले पूर्वज परत आले, असेच त्यांना वाटले असल्यास नवल नाही.

‘दुरून डोंगर साजरे’ ही म्हण आपण जवळ गेल्यावर होणाऱ्या निराशेसाठी वापरतो. युलाराला तिचा निराळाच अर्थ कळतो. येथे दूर राहणे हा रीतीचा भाग आहे आणि ती रीत घालून देण्याचा अधिकार घरच्यांचा आहे, हे मान्य व्हायला शंभराहून अधिक वर्षे लागली. उद्यानाचा भाडेपट्टा २०८४ मध्ये संपेल, तेव्हा नवा करार कोणत्या अटींवर होईल, हे आज सांगता येत नाही. मुतिजुलुत आज शाळेत जाणारी मुले तेव्हा त्या करारावर सह्या करण्याच्या वयाची, किंवा त्या मुलांची मुले असतील. तोवर त्यांच्या दारात येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याने पायथ्याभोवती शांतपणे एक फेरी मारावी, विचारू नये ते विचारू नये आणि खिशात काही न घालता परतावे, एवढीच त्यांची अपेक्षा आहे.